काठ्या काढ, श्री राहू दे

आमच्या घरी रोज सकाळी साडेसातला भांडण होतं. त्याला आम्ही पेपर वाचणं म्हणतो.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून नागपूरचा मराठी पेपर आई मोठ्यानं वाचते आणि बाबा ऐकतात. आता आईचं वाचणं म्हणजे काय, ते सांगते. अर्धी बातमी ती वाचते आणि उरलेली अर्धी स्वतःच्या मनानं लावते. "रस्त्याचे काम अंतिम टप्प्यात," एवढं वाचून ती पेपर मांडीवर आपटते आणि म्हणते, "झूठ हाय हे सारं."

बाबा म्हणतात, "अवं, काय लिहून हाय ते वाच ना. तुले काय वाटते ते मंग सांग."

निधन वार्ता ती सरळ गाळते. "आज कोनी नाई गेलं."

"कोनी नाई? पूर्न नागपुरात?"

"नाई म्हटलं ना एक बार!"

मी छत्तीसगडातल्या भिलाई-३च्या त्याच घरात वरच्या खोलीत बसून नोकरी करते. कंपनी पुण्याची, काम सॉफ्टवेअरचं. भर मीटिंगमध्ये खालून "तू वाचून राहिली का भाषन देऊन राहिली?" असं ऐकू आलं की मी माइक बंद करते आणि हसून घेते. कधी कधी चिडतेही. चिडण्यात मी आईवर गेले आहे, असं बाबा म्हणतात. आई म्हणते बाबांवर.

बाबांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारा एक फुकटातला प्रोग्रॅम मी टाकून दिला होता. बाबा बोटांनी चाचपून टायपिंग शिकले, तेही दोन महिन्यांत. पण त्या प्रोग्रॅमचं मराठी म्हणजे डोक्याला ताप होता. पुस्तकातलं तो ठीक वाचायचा, पण आमच्या गावांची आणि आमच्या बोलीची त्यानं पार वाट लावली होती. भिलाई-३ला तो 'भिलाई वजा तीन' म्हणे. रसमडा म्हणताना असा अडखळे की वाटावं, घशात काही अडकलं. 'मले', 'तुले', 'काऊन' यांच्यावर तर त्याचा रागच होता.

त्या प्रोग्रॅमात एक सोय होती. जो शब्द मशीनला नीट येत नाही, तो माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करायचा आणि त्या फाइलला त्याच शब्दाचं नाव द्यायचं. मजकुरात तो शब्द आला की मशीन स्वतः गप्प बसतं आणि ती फाइल वाजवतं. अशा सगळ्या फाइलींचं एक पॅकेज बांधून ते इंटरनेटवरच्या त्यांच्या भांडारात ठेवलं की जगातला कोणीही ते घेऊ शकतो. मी म्हटलं, चला, बांधू या.

हे सगळं मी बाबांसाठी करतेय असंच मला वाटत होतं. एक दिवस बाबाच म्हणाले, "मले काय, मले वाचून दाखवनारी हाय. भांडते, पन वाचते. त्याले कोन हाय?"

'तो' म्हणजे डोंगरगडचे काका. बाबांचे जुने ड्रायव्हर. पुढे इंजिनात ते, मागे ब्रेक व्हॅनमध्ये बाबा आणि मध्ये अठ्ठावन्न डबे. दोघांनी अर्धी नोकरी एकमेकांचं तोंड न पाहता वॉकीटॉकीवर बोलून काढली. साखरेनं त्यांची नजर गेली आणि पाठोपाठ काकू गेल्या. एके काळी ड्यूटीच्या पेटीत डब्यासोबत पुस्तक ठेवणारा तो माणूस, आता दिवसभर घरात एकटा बसतो. बाबा फोन करायचे तेव्हा पलीकडून नुसतं "हूं, हूं" यायचं. फोन ठेवल्यावर बाबा तो हातातच धरून बसायचे.

तोच प्रोग्रॅम काकांच्या लॅपटॉपवरही होता, पण त्याच्या मराठीला कंटाळून त्यांनी तो बंद ठेवला होता. तर बाबांनी त्यांना शब्द दिला. रविवारी सकाळी अकरा वाजता पॅकेज येईल, तू तुझ्या हातानं घेशील आणि मी पाठवलेली चिठ्ठी तू स्वतः वाचशील, कोणी वाचून दाखवणार नाही. मला हे शुक्रवारी सांगितलं.

"मला विचारायचं तरी बाबा!"

"काऊन? तूच म्हटलं ना झालं म्हून?"

म्हटलं होतं, खरं आहे. जरा जास्तच तोऱ्यात म्हटलं होतं.

काम झालंही होतं, कारण आईनं झपाटल्यासारखं केलं होतं. ती स्टील प्लांटच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळायची. रिटायर झाली तरी अंगातली क्लार्क काही गेली नाही. दुपारी जेवणं झाली की खोलीचं दार लावून घ्यायची, आवाज नको म्हणून पंखा बंद करायची आणि त्या भट्टीत माझा जुना लॅपटॉप पुढे घेऊन एकेक शब्द बोलायची. कुकर लावायला बंदी, मला जिन्यावरून उतरायला बंदी. बाहेर यायची ती घामानं निथळत, आणि सांगायची, "आज वीस शब्द झाले. 'डोंगरगड' तीनदा घेतला, पन झाला बाप्पा एकदाचा!" फाइलींची नावंही तिनंच दिली. एकूण चारशे बारा फाइली झाल्या. इतक्या आनंदात तिला मी रिटायरमेंटच्या पार्टीतही पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी चारशे बारा फाइली बांधल्या, पब्लिशचं बटण दाबलं आणि भांडारानं पॅकेज परत माझ्या तोंडावर फेकलं. लाल अक्षरात एक ओळ आली. एका फाइलचं नाव अवैध आहे, म्हणून पॅकेज नाकारलं.

एका! कोणत्या, ते नाही सांगितलं.

"अरे भैताडा, नाव सांग ना!" मी ओरडले.

खालून आई म्हणाली, "कोनाले शिव्या देऊन राहिली?"

"मशीनला."

"दे मंग."

भानगड अशी होती. आईचा लॅपटॉप, म्हणजे माझाच जुना, एका जातीचा. त्याच्यात फाइलच्या नावात जवळजवळ काहीही चालतं. बाबांचा आणि डोंगरगडच्या काकांचा दुसऱ्या जातीचा, जो घरोघरी असतो. त्याच्यात नऊ चिन्हं वर्ज्य आहेत. भांडार म्हणतं, पॅकेज सगळीकडे उघडलं पाहिजे, तेव्हा त्या नवातलं एक जरी कोणत्या नावात सापडलं तर तिथंच थांबून सगळंच परत. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं म्हणा, पण शनिवारी दुपारी बरोबर म्हणणं ऐकून घ्यायला मी काही संत नाही.

मी यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. सदतीस फाइलींच्या नावाच्या शेवटी चांदणी होती. चांदणी वर्ज्य.

"आई! हे स्टार काऊन लावले तू?"

"जे चांगले झाले त्याले लावले."

"स्वतःच स्वतःला?"

"मंग कोन लावीन? तू लावशील?"

चांदण्या काढल्या. मग 'काऊन?', 'कुठी?', 'कायले?' ही मंडळी सापडली, सगळ्यांच्या मागे प्रश्नचिन्ह. तेही वर्ज्य. आईचं म्हणणं, तिनं ते शब्द विचारल्यासारखे म्हटले होते, मग लिहायचे कसे? मशीन शब्दामागे काय लागलंय ते बघत नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे वाजवून पाहताना काही अडलं नव्हतं आणि मीही नावांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. चूक माझीच. प्रश्नचिन्हं काढली. 'टाइम:' असं एक होतं, त्याचे दोन ठिपके काढले. छान. बटण दाबलं.

एका फाइलचं नाव अवैध आहे.

आता मी हट्टाला पेटले. नऊच्या नऊ चिन्हं शोधून काढणारी एक छोटी तपासणी लिहिली आणि सगळ्या नावांवरून फिरवली. तपासणी म्हणाली, काही नाही, सगळं स्वच्छ. मी बटण दाबलं. भांडार म्हणालं, अवैध. तपासणी म्हणे स्वच्छ, भांडार म्हणे अवैध. दोघांच्या मध्ये मी! मग डोळ्यांत तेल घालून चारशे बारा नावं वाचली, दोनदा वरून खाली आणि दोनदा खालून वर. एकही वाकडं नाव दिसेना. चहा गार झाला, आईनं दुसरा आणून ठेवला, तोही गार झाला.

संध्याकाळी उतरले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. पावलं ऐकूनच विचारलं, "भेटला का सिग्नल?"

"नाही बाबा. काकांना पुढचा रविवार सांगता का?"

स्टेशनाकडून एक मालगाडी निघाली होती, ती त्यांनी जाऊ दिली. मग म्हणाले, "त्याचा आज दोनदा फोन येऊन गेला. एकदा इचारलं, लॅपटॉप चार्जिंगले आताच लावू का? मंग इचारलं, अकरा म्हंजे पक्के अकरा ना? सहा महिन्यांत त्यानं सोताहून फोन नाई केला, बेटा. आज दोन केले."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मी त्याले टाइम देल्ला. गार्डनं टाइम देल्ला म्हंजे देल्ला."

मला रडूच आलं. रागाचं होतं थोडं, थोडं दुसरं. म्हटलं, "पेन ड्राइव्हवर टाकून पाठवलं तर?"

"मंग ते लावाले त्याले डोळेवाला मानूस लागन. कोनाच्या तोंडाकडे पाहायचं नाई म्हून तं हे सारं करून राहिलो."

खरंच होतं. भांडारातून घ्यायचं तर तीन बटणं, आणि तिन्ही ऐकून दाबता येतात. बाकी कोणत्याही रस्त्याला दुसऱ्याचा हात लागतो.

रविवारी सकाळी पेपरचं भांडण झालं नाही. आईनं पेपर घडी करून तसाच ठेवला. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले होते, जणू ड्यूटीला निघाले. मला म्हणाले, "सारी नावं माह्या मशीनवर टाक. तू पाहून राहिली, मी ऐकतो."

"बाबा, मी चारदा पाहिलीत."

"पाहिली ना? पन हात लावला का?" मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मी सहा वर्षांची असल्यासारखं. "गाडी मधातच उभी झाली अन् कारन नाई समजलं, तं गार्ड खाली उतरते. मंग एकेक डबा, एकेक चाक. व्हॅनमधी बसून काई नाई समजत. दुरून साऱ्याच गाड्या चांगल्या दिसते."

मी यादी दिली. त्यांनी आवाजाचं एक सेटिंग बदललं, म्हणजे मशीन नुसते शब्द नाही तर टिंब, टोपी, रेघ, जे जे असेल ते सगळं म्हणून दाखवेल. आणि ऐकायला लागले. प्रत्येक नावाला टेबलावर एक बोट टेकवायचे, मग पुढचं. आई दारात उभी. मशीन आपलं बोलतंय, अर्जुनी, आमगाव, कवठा... दहा वाजले. मी घड्याळाकडे पाहून उसासा टाकला, तर बाबा म्हणाले, "हूं. कल्ला नको."

सव्वादहाच्या सुमारास मशीन म्हणालं, "शालीमार. शेंगोळे. उभी रेघ उभी रेघ श्री उभी रेघ उभी रेघ."

बाबांचं बोट टेबलावर टेकलं आणि तिथंच राहिलं. "हे काय हाय?"

"श्री आहे बाबा. आईनं आधी श्री लिहून सुरुवात केली असेल."

"ते समजलं मले. रेघा कायच्या?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईला कीबोर्डवर श्रीच्या बाजूचे दंड सापडले नाहीत, म्हणून तिनं उभ्या रेघेचं बटण दाबलं, इकडे दोनदा आणि तिकडे दोनदा. उभी रेघ त्या नवातली एक! माझ्या तपासणीला ती का सापडली नाही, तेही कळलं. तपासणी लिहिताना 'हे चिन्ह किंवा ते चिन्ह किंवा ते' असं सांगावं लागतं, आणि त्या 'किंवा'साठी मध्ये मध्ये हीच उभी रेघ घालतात. शोधणाऱ्यांच्या रांगेत ती स्वतःच उभी होती, तिला कोण शोधणार?

पण डोळ्यांनी तर मी चारदा वाचलं होतं. चारदा! त्याला तपासणी जबाबदार नाही, मी आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला विचारा. वहीच्या पहिल्या पानावर, लग्नाच्या पत्रिकेवर, किराण्याच्या यादीवर, सगळ्यांच्या डोक्यावर दोन रेघा, श्री, दोन रेघा. ते कोणी वाचत नाही. ते असतं, आणि नजर त्याच्याखालून सुरू होते. दोन धडधाकट डोळ्यांनी मला जे दिसलं नाही ते बाबांनी ऐकलं.

"काढते," मी म्हटलं.

"काय काढतं?" आई दारातून आत आली.

"तुझी ती पहिली फाइल. तिच्यामुळेच अडलंय सगळं."

"श्री काढतं? अन् काम सुरू करतं?" आईचा आवाज असा चढला की बाबांनी खुर्ची मागे घेतली. "तीस वर्ष रजिस्टर लिहिले मी. एक नाई सुरू केलं श्रीबिगर. अन् एक कागद हारपला नाई माह्या टेबलावरून, इचार कोनालेही! तुमचं मशीन काय लई मोठं लागून गेलं का?"

"आई, श्रीनं नाही अडलं, रेघांनी अडलंय..."

"मंग रेघाले बोल ना! श्रीले काऊन बोलून राहिली?"

"थांबा दोघी," बाबा म्हणाले. जुना गार्डाचा आवाज, बरेच दिवसांनी ऐकला. "काठ्या काढ. श्री राहू दे."

हे इतकं सोपं होतं की मला माझीच लाज वाटली. मी चारही काठ्या काढल्या. नुसतं 'श्री' राहिलं. पॅकेज पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा आई माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाली, "ते फाइल वाजवून नाई ना पाहिली तू?"

"आता? साडेदहा वाजून गेले आई! टाइम कोणाला आहे?"

"नाई नाई, राहू दे. मी असंच इचारलं." आणि पोहे करायला निघून गेली. मी त्या घाईत होते, तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग हिरवी ओळ आली. पॅकेज स्वीकारलं. मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्या अंगणातून छत्तीसगढीत "का हो गे ओ?", काय झालं, म्हणून विचारणा झाली. बाबांनी फक्त मान हलवली आणि फोन हातात घेतला. अकराला सात मिनिटं होती. ते अकरा वाजेपर्यंत थांबले. टाइम म्हणजे टाइम.

फोन स्पीकरवर होता. डोंगरगडचे काका पहिल्याच रिंगला बोलले. बाबांनी एकेक बटण सांगितलं आणि काकांनी एकेक दाबलं. तिकडच्या लॅपटॉपचा आवाज आम्हाला फोनमधून येत होता. पॅकेजचं नाव. हो. बसवा. मग जरा वेळ काहीच नाही. मग तिकडचं मशीन बोललं, पॅकेज बसलं.

"आता माही चिठ्ठी उघड," बाबा म्हणाले. "अन् मी काई नाई बोलत. तूच आयक."

ती चिठ्ठी बाबांनी शुक्रवारी स्वतः टाइप केली होती. आणि बाबा काय आकाशातून पडलेत? त्यांनीही डोक्यावर श्री घातलंच होतं. मशीननं पहिल्याच ओळीला तो शब्द पाहिला, भांडारातून नुकत्याच आलेल्या फाइलींत त्या नावाची फाइल शोधली, आणि ती सापडली. पुढे दोन काठ्या होत्या तोवर ती फाइल कधी कोणत्या शब्दाशी जुळलीच नव्हती, कधी वाजलीच नव्हती. काठ्या मी काढल्या होत्या.

आई पोह्यांची प्लेट घेऊन दारात आली होती. डोंगरगडहून, फोनमधून, तिचाच आवाज आला. बंद खोलीतला, दुपारचा, हळू.

"देवा, हे काम तडीस ने. यांच्या दोस्ताले वाचता येऊ दे. यांनाई आपल्या आपन वाचता येऊ दे, कोनाले मांगाची पाळी नको येऊ देऊ." मग एक श्वास. "मंग सकाळी मले कोनी वाचाले नाई बोलावलं तरी चालन. चहा तं मांगतीनच."

आईच्या हातातली प्लेट कलती झाली आणि दोन-चार शेंगदाणे फरशीवर पडले. बाबांनी तोंड तिच्याकडे वळवलं, बरोबर तिच्याकडे, आणि तोंड थोडं उघडंच राहिलं.

मला काय वाटलं ते सांगू? मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. सहा आठवडे ती त्या भट्टीत बसून स्वतःच्याच आवाजानं स्वतःचं सकाळचं काम काढून घेत होती, तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी जिन्यावर बसून कुकरच्या बंदीवरून कुरकुरत होते.

तिकडून एक खरखर आली, आणि मग हसू. डोंगरगडचे काका हसत होते. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं, मग पोटातून. "गार्ड साहेब! वहिनी तं डायरेक्ट वर रिपोर्ट करून राहिल्या!"

"अगं माय वं," म्हणत आईनं पदर तोंडावर घेतला आणि आत पळाली.

"आयका," काका म्हणाले. हसणं थांबलं होतं. "फोन ठेवा आता."

"काऊन?"

"चिठ्ठी बाकी हाय ना माही. माही मी वाचतो."

बाबांनी फोन वॉकीटॉकीसारखा तोंडाशी धरला. मग म्हणाले, "ऑल राइट?"

"ऑल राइट," डोंगरगडहून उत्तर आलं. गाडी सुटताना पुढून मागे आणि मागून पुढे देतात तसं. आणि फोन बंद झाला.

आईनं त्या दिवशी माझ्याशी जेवणापर्यंत बोलणं टाकलं. बोलली ती एकच गोष्ट, "काढ ते पहिले!" एकदा पब्लिश केलेलं परत घेता येत नाही, त्याच्यावर पुढची आवृत्ती काढावी लागते. ती मी दुपारीच काढली. आईकडून नुसता 'श्री' असा एक शब्द नव्यानं रेकॉर्ड करून घेतला, अगदी कोरडा, सरकारी. जुनी फाइल काढली. काकांच्या मशीनवर नवी आवृत्ती आपोआप गेली. आता ते रोज सकाळी सातला बाबांना फोन करतात आणि आईच्या आधी बातम्या सांगून टाकतात, निधन वार्तांसकट. त्यामुळे आमच्या भांडणाला एक विषय वाढला आहे.

सोमवारी सकाळी साडेसातला आई स्वयंपाकघरातच भांडी आवाज करून लावत होती. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसून होते. मग बाबा म्हणाले, "आज पेपर आला नाई का?"

"मशीन हाय ना तुमचं."

"मशीन बराबर वाचते. कोन झूठ बोलून राहिलं ते नाई सांगत."

आई हात पुसत आली. पहिली बातमी तिनं मुकाट्यानं शेवटपर्यंत वाचली, एक शब्दही जास्त नाही. बाबा अस्वस्थ झाले. दुसऱ्या बातमीच्या तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, "काईही लिहितात मेले," आणि बाबांनी खुर्चीत पाठ टेकली.

बाबांच्या मशीनवर मात्र रविवारी बसवलेली पहिलीच आवृत्ती होती; तिथं आपोआप बदल होणं मी बंद ठेवलं होतं, त्यामुळे नवी हातानं टाकायची राहिली होती. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "पाहू." दुसऱ्यांदा म्हणाले, "माह्यावाला तसाच राहू दे. चालू गाडीले काऊन हात लावतं?"

मला वाटलं, विसरतील.

मागच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका ईमेलवर आली. दुपारची वेळ होती, आई आत पडली होती, मी वर काम करत होते. बाबांनी ती पत्रिका मशीनला वाचायला लावली. अशा पत्रिकेत असते तशी नावांची रांग होती, अध्यक्ष श्री अमुक, प्रमुख पाहुणे श्री तमुक. मला जिन्यावरून पहिल्यांदा तो हळू आवाज आला, "देवा, हे काम तडीस ने..." आणि शेवटी, "चहा तं मांगतीनच." मग मशीननं पाहुण्याचं नाव सांगितलं. मग पुन्हा, "देवा, हे काम तडीस ने." मी उठून जिन्यात आले. बाबा डोळे मिटून बसले होते, पुढचं बटण दाबायची त्यांना काही घाई नव्हती. पत्रिकेत सात श्री होते. त्यांनी सातही ऐकले, पूर्ण.

सातवा झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि आत हाक मारली, "अवं, आयकून राहिली का? चहा दे."

आई तोवर कप घेऊन दारातच आली होती. तिसऱ्या श्रीलाच तिनं आधण ठेवलं होतं.